मशीन शॉपच्या ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळायला नेमका कुठला कोर्स करू?

शिरोली_डिस्पॅच

नमस्कार मंडळी. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमधे स्टोअर आणि डिस्पॅच बघतो. शिक्षण बीकॉम, कॉम्प्युटरचं म्हणाल तर एमएससीआयटी, बस्स. पण ऑफिसात कुणाचं काहीपण अडलं की हाक मलाच येते. प्रिंटर चालेना, टॅली उघडेना, ईवे बिल निघेना, कॅमेरे दिसेनात. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार आहे पण त्यांचा माणूस फोन केल्यावर कधी दुसऱ्या दिवशी कधी तिसऱ्या दिवशी येतो, तोवर इकडे गाडी माल भरून गेटवर उभी, ड्रायव्हर सारखा येऊन विचारतोय आणि मी प्रिंटर बंद-चालू करत बसलोय असं चाललंय.

मालक परवा म्हणाले, तू हे रीतसर शिकून घे, फी मी भरतो, पण जे शिकशील ते इथं उपयोगी पडलं पायजे. त्यांनी विश्वास टाकलाय तर पैसे वाया जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

सेटअप सांगतो. ९ पीसी, २ लॅपटॉप. त्यातल्याच एका पीसीला आम्ही सर्व्हर म्हणतो, टॅलीचा डेटा त्यावर. चलनासाठी डॉट मॅट्रिक्स, दोन लेझर प्रिंटर, हजेरीचं थंब मशीन, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर. शॉपफ्लोअरवर एक जुना विंडोज एक्सपीचा पीसी आहे त्यावरून सीएनसीला, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनला, प्रोग्राम जातात.

क्लास तीन बघून आलो. एक सहा महिन्यांचा हार्डवेअर नेटवर्किंग डिप्लोमा, फी ३८ हजार. दुसरा सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीचा नेटवर्किंगचा, तीन महिने. तिसरा सायबर सिक्युरिटी आणि एथिकल हॅकिंगचा, तो म्हणतोय हेच फ्यूचर आहे, बाकी सगळं जुनं झालं. वेळ मला संध्याकाळी सातनंतर आणि सुट्टीच्या दिवशी, तेवढाच. काय करू?

पुणेरी_पॅकेट

सीसीएनए कर. मी नेटवर्किंगमधेच आहे. एकदा नेटवर्क समजलं की बाकीचं आपोआप समजतं, आणि उद्या नोकरी बदलायची वेळ आली तर त्या सर्टिफिकेटला किंमत आहे, डिप्लोमाला कोण विचारत नाही. फक्त क्लासवाला २००-३०१ हाच पेपर शिकवतोय ना ते बघ. फेब्रुवारी २०२० पासून तोच चालू आहे, काही ठिकाणी अजून त्याच्या आधीच्या नोट्स फिरतायत.

अंबड_सर्व्हिस

नाशिकला अंबड-सातपूर भागात छोट्या युनिट्सच्या एएमसी करतो, म्हणजे तुमच्याकडे जो माणूस तिसऱ्या दिवशी येतो तेच काम माझं, त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगतो.

आधी कोर्सचा विचार बाजूला ठेवा आणि एक वही घाला. महिनाभर जी जी तक्रार येईल ती लिहा, कुठल्या मशीनवर, नेमकं काय झालं, कशाने सुटलं, आणि तोवर कुणाचं काम किती वेळ अडलं. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मी जिथं जिथं हे करायला लावलंय तिथं तक्रारी त्याच त्याच निघतात. प्रिंटर आणि त्याचं शेअरिंग, लाईट गेल्यावर टॅलीचा डेटा बिघडणं, केबल आणि स्विच, हार्डडिस्कमुळे स्लो झालेला पीसी, पासवर्ड विसरणं. राउटर प्रोटोकॉल कॉन्फिगर करायची वेळ ११ मशीनच्या ऑफिसात येत नाही हो. म्हणून वरच्या भावांशी माझं जमत नाही, सीसीएनए चांगलाच कोर्स आहे पण तुमच्या मालकांनी जी अट घातलीय त्यात तो बसत नाही. त्यात प्रिंटर नाही, विंडोज नाही, बॅकअप नाही.

तुमच्या कामाला जवळचा सिलॅबस म्हणजे कॉम्पटिया ए प्लस. हार्डवेअर, विंडोज, छोटं नेटवर्क, प्रिंटर, मोबाईल, बेसिक सिक्युरिटी, आणि बिघाड शोधायची पद्धत हा वेगळा विषय म्हणून आहे. परीक्षा द्यायलाच पायजे असं नाही, दोन पेपर असतात आणि दोन्हीची फी वेगळी. पण सिलॅबस साईटवर फुकट मिळतो, तो डाउनलोड करा, प्रिंट काढा आणि तुमच्या वहीशी ताडून बघा. सध्या २२०-१२०१ आणि १२०२ ही जोडी चालू आहे, मार्च २०२५ पासून. आधीची ११०१-११०२ सप्टेंबर २०२५ ला बंद झाली. प्रोफेसर मेसर म्हणून यूट्यूबवर आहेत, त्यांचे अख्खे व्हिडिओ फुकट आहेत, इंग्रजी संथ आहे, समजतं. गूगलचा आयटी सपोर्टचा कोर्सपण चांगला, कोर्सेरावर २०१८ पासून आहे, त्यात कस्टमरशी कसं बोलायचं हेपण शिकवतात.

पद्धत म्हणजे काय ते एका उदाहरणावरून सांगतो, कारण खरं शिकायचं ते हेच. ‘नेट चालत नाही’ अशी तक्रार आली. बहुतेक जण पळत जाऊन राउटर बंद-चालू करतात, त्यात ज्यांचं चालू होतं त्यांचंपण बंद पडतं. तसं न करता आधी विचारायचं, एकाचंच बंद आहे का सगळ्यांचं. एकाचंच असेल तर त्या पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग मारायचं. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, म्हणजे केबल, स्विचचा पोर्ट किंवा लॅन कार्ड, पोर्टवरचा दिवा लागलाय का बघा, केबल बदलून बघा. पत्ता बरोबर असेल तर राउटरला पिंग, मग बाहेर ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला पिंग. ते जातंय पण साईट नावाने उघडत नाही, तर डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याची भानगड. आणि सगळं ठीक आहे पण जीएसटीची साईट, बँकेची साईट सर्टिफिकेटचा एरर देतेय, तर खाली कोपऱ्यात तारीख बघा! जुन्या पीसीत मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल संपलेला असतो, रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी तारीख काही वर्षं मागे गेलेली. किरकोळ किमतीचा सेल, आणि त्यासाठी लोक अख्खं विंडोज फॉरमॅट करून घेतात, माझ्या डोळ्यांसमोरच्या गोष्टी आहेत या.

जो क्लास हा क्रम हाताने करून घेतो तो चांगला. म्हणून फी भरायच्या आधी लॅब बघायला मागा. बॅचला किती मुलं आणि उघडायला किती मशीन, केबलला कनेक्टर बसवायचं क्रिम्पिंग टूल प्रत्येकाच्या हातात येतं का, बिघाड मुद्दाम करून शोधायला देतात का. आणि पत्रकात एमसीएसई हे मायक्रोसॉफ्टचं सर्टिफिकेट लिहिलेलं दिसलं तर तिथूनच परत फिरा, त्यांनी ते जानेवारी २०२१ मधेच बंद केलंय.

हॅकिंगवाल्याकडे आत्ता जाऊ नका. तुमच्या टॅलीचा बॅकअप कुठे आहे? आधी ते सांगा.

नोंदवही

मी सांगलीला एका डिस्ट्रिब्युटरकडे अकाउंट्स बघते आणि तुझ्यासारखंच, कॉम्प्युटरपण माझ्याच गळ्यात. अंबडच्या दादांनी लिहिलंय ते अगदी खरं आहे, पण एक मोठा भाग कुठल्याच कोर्सात येत नाही तो सांगते. आपल्याकडे छोट्या ऑफिसात काम अडतं ते निम्मं सरकारी पोर्टल आणि टॅलीपाशी. एप्रिल २०२५ पासून ईवे बिलच्या लॉगिनला सगळ्यांनाच दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन लागतं. ओटीपी जातो मालकांच्या मोबाईलवर, मालक असतात साईटवर किंवा लग्नात, आणि गाडी उभी. यावर उपाय आहे, त्याच पोर्टलवर सब-युजर तयार करता येतो, त्याला वेगळा मोबाईल नंबर देता येतो, म्हणजे ओटीपी डिस्पॅचवाल्याच्याच फोनवर. रेंज नसेल तर एनआयसी-जीएसटी-शील्ड अ‍ॅपवर कोड मिळतो. हे एवढं केलं तरी तुझा निम्मा त्रास जाईल असं मला वाटतं. डीएससी, म्हणजे डिजिटल सहीच्या टोकनचंपण तसंच, त्याचा ड्रायव्हर कुठला, सहीचं सॉफ्टवेअर एमसायनर चालू आहे का, एक्सपायरी कधी आहे हे लिहून ठेव. पिन चुकीचा टाकत राहू देऊ नको कुणाला, टोकन लॉक होतं.

बॅकअपबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय. टॅलीचा बॅकअप त्याच पीसीच्या डी ड्राईव्हला घेऊन ‘आमचा बॅकअप रोज असतो’ म्हणणारी ऑफिसं मी बघितलीयत. रॅन्समवेअर, म्हणजे फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस आला की शेअर केलेले फोल्डर, लावून ठेवलेली एक्स्टर्नल डिस्क, सगळं एका रात्रीत लॉक करतो. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक ऑफिसच्या बाहेर, हा नियम भिंतीवर लाव. आणि बॅकअप घेतला म्हणजे झालं असं नाही, तो परत उघडतो का ते बघायचं. दुसऱ्या पीसीवर टॅली एज्युकेशनल मोडला, म्हणजे लायसन्सशिवाय शिकायला मिळतं तसं टाक, तिथे वेगळ्या फोल्डरला रिस्टोअर कर, आणि दोन्हीकडचा ट्रायल बॅलन्स आणि शेवटच्या बिलाचा नंबर जुळतो का बघ. एज्युकेशनलमधे एन्ट्री ठराविक तारखांनाच करता येतात पण बघायला काही अडचण येत नाही. दर महिन्याला एकदा. कोर्स कुठलाही कर, हे या आठवड्यात सुरू कर.

अजून एक, आणि हे मोकळेपणाने मालकांशी बोल. शिकून झाल्यावर हे काम डिस्पॅचच्या कामावर वरून येणार की डिस्पॅचमधलं काहीतरी दुसऱ्याकडे जाणार? पगाराचं काय? आपल्याकडे जो शिकतो त्याच्यावर सगळं लादलं जातं. आधीच ठरलेलं बरं.

शिरोली_डिस्पॅच

ताई, दादा, खूप खूप आभार. सब-युजरचं आजच केलं, कोड माझ्या फोनवर यायला लागला, डिस्पॅचला आज एकदापण मालकांना फोन करावा लागला नाही.

बॅकअप तुम्ही म्हणताय तसाच निघाला, सर्व्हरच्याच डी ड्राईव्हला. वाचून पोटात गोळा आला. एक्स्टर्नल डिस्क मागवलीय. रोज संध्याकाळी लावून कॉपी करून काढून कपाटात ठेवायची आणि आठवड्याला एक कॉपी मालकांच्या घरी असं ठरवलंय, बरोबर आहे का?

दोन प्रश्न राहिले. एक, ९ पैकी ५ पीसी अजून विंडोज १० वर आहेत, त्यांचं काय करायचं. दुसरा, तो शॉपफ्लोअरचा एक्सपी. सेटर लोक प्रोग्राम पेन ड्राईव्हने ऑफिसातून तिथे नेतात आणि एएमसीवाला म्हणतो हा पीसी फेकून द्या.

अंबड_सर्व्हिस

बरोबर आहे, फक्त डिस्क एक नको, दोन घ्या आणि आलटून-पालटून वापरा. कॉपी चालू असतानाच व्हायरस आला तर हातातली डिस्क जाते, कपाटातली राहते.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. ज्या पीसीत इंटेलचा आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सिक्युरिटीची चिप आहे ते ११ वर न्या, एसएसडी नसेल तर त्याच वेळी टाका. बाकीच्यांसाठी कंपन्यांना पैसे भरून तीन वर्षांपर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात पण ते दरवर्षी महाग होत जातात, त्यापेक्षा ते पीसी हळूहळू बदला. आणि ११ वर जाताना एक सावधगिरी, तुमच्याकडे पासवर्ड न लावता सगळ्यांना उघडं शेअर फोल्डर असणार, छोट्या ऑफिसात असतंच. २४एच२ व्हर्जनच्या प्रो एडिशनला तसं गेस्ट म्हणून शेअर उघडणं मुळातच बंद केलेलं आहे. मग एकदम सगळे म्हणणार अपडेटने टॅली बंद पाडलं. आधीच सर्व्हरवर प्रत्येकाचा युजर आणि पासवर्ड करून घ्या, मग अपग्रेड. नेटवर कुणी सांगेल अमुक सेटिंग बदलून गेस्ट परत चालू करा, तो रस्ता धरू नका. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर शेअर प्रिंटरला ११बीचा एरर यायला लागला तेव्हापण लोक रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमधे, शून्य टाकून मोकळे झाले, आणि ज्या धोक्यासाठी अपडेट आला होता तो तसाच राहिला. प्रिंटरला लॅन पोर्ट असेल तर सरळ नेटवर्कवर लावा आणि त्याला पत्ता फिक्स करून द्या, शेअरिंगची कटकटच राहत नाही.

चाकण_टूलरूम

एक्सपीबद्दल मी सांगतो, आमच्याकडे असाच होता. फेकून द्या म्हणणं सोपं आहे, पण त्याच्या मागे सिरीयल पोर्ट आहे आणि मशीनचा कंट्रोलर जुना आहे म्हणून तो तिथे आहे ना. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ ला संपला, म्हणजे तो इंटरनेटला आणि ऑफिसच्या नेटवर्कला अजिबात जोडायचा नाही, लॅनची केबल काढून टाका. पेन ड्राईव्ह एकच ठेवा, त्यावर पेंट मारून खूण करा, आणि ऑफिसच्या एकाच पीसीवर स्कॅन करूनच तो खाली जाईल असा नियम करा. सेटरच्या खिशातला गाण्यांचा पेन ड्राईव्ह त्या पीसीला लागला की संपलं सगळं, आमच्या इथे नाईट शिफ्टला असंच झालं आणि सकाळपर्यंत मशीन उभं.

नवीन पीसी घ्यायचाच तर यूएसबी टू सिरीयल कन्व्हर्टर लावून चालतं, पण आधी जुन्यावरच्या सेटिंगचा फोटो काढा. बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल. हे दोन्हीकडे तंतोतंत जुळलं नाही तर प्रोग्राम अर्धवट जातो किंवा मधेच अक्षरं तुटतात. आणि अर्धा प्रोग्राम मशीनवर चालला तर टूल जॉबमधे घुसतं, तिथे नुसतं स्क्रॅप होण्याचा नाही, ऑपरेटरच्या जिवाचाही प्रश्न आहे. नवीन सेटअपवरून गेलेला पहिला प्रोग्राम मशीनवरून परत पीसीत घ्या आणि ओळीला ओळ ताडून बघा, मग जॉब न लावता ड्राय रन, मग जॉब. हे कुठल्या क्लासला शिकवत नाहीत, तुमच्या मेंटेनन्सच्या माणसाबरोबर बसून शिका.

पुणेरी_पॅकेट

ओके, एक्सपी आणि टॅली वाचून मी थोडा मागे येतो. पूर्ण सीसीएनए आत्ता नको. पण नेटवर्किंगचा पाया सोडू नकोस, सगळी तक्रार शेवटी तिथेच येते असं माझं मत कायम आहे. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीच्या साईटवर नेटवर्किंग बेसिक्स फुकट आहे आणि पॅकेट ट्रेसर पण फुकट मिळतो. त्यात तुझं ऑफिस बनव, ११ मशीन, प्रिंटर, डीव्हीआर, सगळ्यांना पत्ते दे, मग मुद्दाम दोघांना एकच पत्ता दे आणि काय होतं बघ. खऱ्या ऑफिसात प्रयोग करायला मिळत नाहीत, तिथे मिळतात. डीव्हीआर आणि थंब मशीनचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच असेल तर तो आज बदल, आणि डीव्हीआर बाहेरून बघायला राउटरवर पोर्ट उघडला असेल तर तोही बंद कर.

शिल्पनिदेशक

आयटीआयला शिकवतो. या मुलाला डिप्लोमाच पायजे असेल तर खाजगी क्लासच्या आधी एनआयईएलआयटीचा हार्डवेअरचा ओ लेव्हल बघा, सरकारी संस्था आहे, सर्टिफिकेट भारतभर चालतं. आणि मालकांना एक सुचवा, आयटीआयच्या कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरच्या, किंवा हार्डवेअरच्या ट्रेडचा पास झालेला मुलगा अप्रेंटिस म्हणून घ्या. एनएपीएस या सरकारी अप्रेंटिस योजनेत स्टायपेंडचा काही हिस्सा सरकार देतं. आमची मुलं मशीन उघडायला घाबरत नाहीत, त्यांना फक्त ऑफिसचं काम माहीत नसतं, आणि ते या मुलाला माहीत आहे. जोडी चांगली जमेल.

नोंदवही

सर, हे फार चांगलं सुचवलंत. एकट्या माणसावर सगळं असलं की तो आजारी पडला तर ऑफिस ठप्प, आणि त्याला साधी रजासुद्धा मिळत नाही.

शिरोली, राहिलेलं एक सांगते. मेलवरून ‘आमचं बँक खातं बदललंय, यापुढे इथे पेमेंट करा’ असं व्हेंडरच्या नावाने येतं, हुबेहूब त्यांच्या लेटरहेडवर. त्यावर कॉम्प्युटरचा काही इलाज नाही. आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं, मेलमधे दिलेल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाईनला फोन, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. हे तू सगळ्या स्टाफला अर्धा तास बसवून सांग, मालकांनाही बसव.

शिरोली_डिस्पॅच

मालकांशी बोललो. सहा महिन्यांच्या क्लासची लॅब बघायला मागितली तर म्हणाले आधी ॲडमिशन घ्या मग दाखवू, तिथे नाही जाणार. ए प्लसचा सिलॅबस काढलाय, संध्याकाळी व्हिडिओ बघणार, आणि क्लासच्या फीच्या पैशातून मालक एक जुना पीसी, क्रिम्पिंग टूल, केबल टेस्टर आणि दोन एसएसडी घेऊन देतायत सरावाला. अप्रेंटिसचं त्यांना एकदम पटलं, एचआरचं काम बघणाऱ्या मॅडमना पोर्टल बघायला सांगितलंय. एएमसी या वर्षी चालू ठेवतोय. पगाराचं दिवाळीच्या वेळी बोलू म्हणाले, ते मी लिहून मेल केलंय त्यांना.

अंबडचे दादा, वहीत पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त आलंय ते डॉट मॅट्रिक्स. चलनाचा कागद मधेच सरकतो आणि खालच्या ओळी पुढच्या चलनावर छापतात. प्रिंटरचा ड्रायव्हर परत टाकून झाला. यात कागदाची साईज कुठे सेट करायची, विंडोजमधे का टॅलीत?

अंबड_सर्व्हिस

दोन्हीकडे, पण आधी विंडोजमधे. प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमधे जाऊन नवीन फॉर्म तयार करा, चलनाची लांबी पट्टीने मोजून तीच टाका, नाव द्या, मग प्रिंटरच्या प्रेफरन्सला तो फॉर्म निवडा आणि टॅलीतही तोच. एवढं करून परत सरकला तर प्रिंटरवर टीअर ऑफची सेटिंग बघा आणि ट्रॅक्टरचे दात कागदाच्या भोकात दोन्ही बाजूंनी सारखे बसलेत का ते बघा. फोटो टाका इथे, बघून सांगतो.